मनातला हात

(द्वितीय वर्ष, कला)

कल्याणहून संध्याकाळी सुटणाऱ्या बदलापूर गाडीने ज्यांनी कधी प्रवास केला आहे, त्यांना सांगायला नको की त्या गर्दीत माणसाचा हातसुद्धा त्याचा राहत नाही. हात खाली राहिला तर तो खालीच राहतो. वर कडीला गेला तर अंबरनाथ येईपर्यंत वरच राहतो. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत असतो, रुमाल पिशवीत असतो आणि पिशवी कोणाच्या पायांत आहे हे सांगता येत नाही. अशा वेळी आपण सारेच एक गोष्ट करतो. मनातल्या मनात हात खाली घेतो, रुमाल काढतो, कपाळ पुसतो. उल्हासनगरला उतरणारा प्रवासी विठ्ठलवाडीलाच एकदा मनात उतरून पाहतो : आधी डावा खांदा, मग पिशवी, मग पाय. प्रत्यक्षात त्याची करंगळीही हललेली नसते.

त्या क्षणी मेंदूत काय चाललेले असते? हात स्वस्थ होता म्हणून मेंदूही स्वस्थ होता काय? की हात हलविण्याचे सारे काम मेंदूने केले आणि फक्त हातालाच कळविले नाही? मित्रहो, हा प्रश्न मला गाडीत पडला असता तर मी तो गाडीतच सोडून आले असते. तो आमच्या घरात पडला, म्हणून त्याचा पिच्छा पुरविणे भाग पडले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, उल्हासनगरात कॅम्प नंबर चारमध्ये पँटी शिवण्याचे काम करीत. चोवीस वर्षे शिलाई मशीनवर गेली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. मेंदूच्या डाव्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ज्याला आपण अर्धांगवायूचा झटका म्हणतो, तो हाच. पाय हळूहळू परत आला. अण्णा काठी घेऊन चालू लागले. हात मात्र मागेच राहिला. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी इतर व्यायामांबरोबर एक विचित्र गोष्ट सांगितली. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे डोळे मिटून बसायचे आणि ओळखीचे काम उजव्या हाताने मनातल्या मनात करायचे. सुईत दोरा ओवायचा, कापड मशीनखाली सरकवायचे, पेला उचलायचा.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "आता मनाचे मांडे खायचे तेवढे राहिले होते." आई काही बोलली नाही. मला मात्र बाईंचा राग आला. वाटले, ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना औषधाऐवजी गोष्ट सांगून परत पाठवितात. आमच्या घरात कॉलेजात आलेली मीच पहिली. त्यामुळे असे काही निघाले की सारे माझ्याकडे पाहतात, आणि मला ठाऊक नसले तरी ठाऊक करून घ्यावे लागते. मी मानसशास्त्राच्या बाईंना विचारले, ग्रंथालयात बसले, जे कळत नव्हते ते पुन्हा विचारले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

प्रथम खरी हालचाल कशी होते ते पाहू. एका कानापासून डोक्याच्या माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत आपण बोटाने रेघ ओढली, तर त्या रेघेखाली मेंदूच्या पृष्ठभागावर एक पट्टी असते. तिला प्रेरक क्षेत्र म्हणतात. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड हे शल्यविशारद जागेपणी मेंदूची शस्त्रक्रिया करीत. या पट्टीवर विजेचा सौम्य स्पर्श केला की रोग्याचे बोट, ओठ किंवा पाय आपोआप हले. त्यावरून त्यांनी १९३७ साली पट्टीचा नकाशा मांडला. या नकाशात शरीराच्या आकारमानाला किंमत नाही, कौशल्याला आहे. अख्ख्या पाठीला चिमूटभर जागा आणि हाताला व तोंडाला मोठमोठे वाडे! या पट्टीतून निघालेले बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, मज्जारज्जूतून खाली उतरतात आणि तेथून निरोप स्नायूंना जातो. म्हणूनच डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात जातो.

पण ही पट्टी म्हणजे कारखान्यातला अखेरचा कामगार होय. कोणते बोट आधी, कोणते मागून, किती जोराने, ही योजना तिच्या पुढच्या बाजूला असलेली क्षेत्रे करतात. त्यांतील एकाचे नाव पूरक प्रेरक क्षेत्र. हात या क्षणी कोठे आहे आणि वस्तू कोठे आहे याचा हिशेब डोक्याच्या मागच्या-वरच्या भागातील पार्श्वखंड ठेवतो. हालचालीचा डौल आणि वेळ साधण्याचे काम मानेच्या वर असलेले अनुमस्तिष्क करते. म्हणजे हात हलण्यापूर्वी हात हलविण्याचे पुष्कळसे काम झालेले असते.

आता मनातल्या हालचालीकडे वळू. १९८० साली पेर रोलांड व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचा जो भाग काम करतो तेथे रक्त अधिक जाते, हे त्यामागील तत्त्व. माणसाच्या रक्तात किंचित किरणोत्सारी वायू सोडून, डोक्याभोवती लावलेल्या यंत्रांनी कोठे रक्त वाढते ते मोजले. माणसाने एकाच बोटाने स्प्रिंग दाबली, तेव्हा प्रेरक पट्टीतील हाताचा भाग जागा झाला. बोटांच्या हालचालींची अवघड साखळी केली, तेव्हा पट्टी आणि पूरक क्षेत्र दोन्ही जागे झाले. आणि तीच साखळी बोट न हलविता फक्त मनात केली, तेव्हा पूरक क्षेत्र एकटेच जागे झाले. पुढे अधिक सूक्ष्म यंत्रे आली आणि त्यांतून असेही दिसले, की मनातल्या हालचालीत खुद्द प्रेरक पट्टीही काही वेळा थोडीफार चाळवते. योजना करणारी क्षेत्रे, पार्श्वखंड आणि अनुमस्तिष्क तर कामाला लागलेली असतातच.

याचा अर्थ असा, की हालचालीची कल्पना करताना मेंदू हालचालीचे चित्र नुसते पाहत नाही. तो ती हालचाल करू लागतो आणि शेवटच्या पायरीवर थांबतो. आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचे तर कचेरीत फाईल उघडली, टिपणी झाली, मसुदा झाला, वरिष्ठांकडे जाऊन आला. फक्त जावक क्रमांक पडला नाही. कागद कचेरीतच राहिला. बाहेरच्या माणसाला वाटणार, काहीच झाले नाही. आत मात्र सगळे कारकून दमलेले!

जावक क्रमांक कोणी अडवितो याचे पुरावे आहेत. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी कवटीवरून चुंबकीय धक्का देऊन प्रेरक पट्टीला चेतविण्याची रीत यशस्वी केली. पट्टीवर धक्का दिला की हाताचा स्नायू किंचित फुरफुरतो. तोच माणूस जर त्या वेळी त्याच हाताच्या हालचालीची कल्पना करीत असेल, तर तेवढ्याच धक्क्याने स्नायू अधिक फुरफुरतो. ज्या स्नायूची कल्पना चालली असेल तोच, शेजारचा नव्हे. म्हणजे रस्ता तापलेला असतो, फाटक तेवढे बंद असते.

फाटक मोडले तर काय होते? २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वखंडांना इजा झाली होती. हाताची हालचाल फक्त मनात करा असे त्याला सांगितले, की त्याचा हात खरोखर हले, आणि आपला हात हलतो आहे हे त्याला कळतही नसे. निरोगी माणसाच्या मेंदूत अशा वेळी काहीतरी सतत "थांब" म्हणत असते, हे या एका उदाहरणावरून लक्षात येते. स्वप्नातही असेच एक फाटक असते, जरी ते निराळ्या जागी आहे. फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल झुवे यांनी मांजरांच्या मेंदूच्या खोडातील एका लहानशा भागाला इजा केली, तेव्हा ती मांजरे झोपेतच उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली. आपण स्वप्नात धावतो आणि तरी अंथरुणातच असतो, ते या फाटकाच्या कृपेने.

परंतु येथे वाचक विचारतील, माणूस मनात खरोखर हालचाल करतो की नुसती कल्पनेची भरारी मारतो, हे बाहेरून कळावे कसे? या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटले. ते उत्तर आहे घड्याळ.

आपणच हा प्रयोग करून पाहा. आपले संपूर्ण नाव कागदावर लिहा आणि किती सेकंद लागले ते मित्राला मोजायला सांगा. मग पेन खाली ठेवा, डोळे मिटा आणि तेच नाव मनातल्या मनात अक्षर न् अक्षर हाताने लिहा. दोन्ही वेळा बऱ्याच जवळच्या येतील. आता तेच नाव मनातल्या मनात डाव्या हाताने लिहा. वेळ वाढेल! मनात तर कागदही नाही आणि पेनही नाही, मग डावा हात मनात अडखळतो का? कारण मनात लिहिणारा हात हा कल्पनेतला हात नसून आपलाच हात आहे. बाहेर त्याला जे जमत नाही ते आतही सहज जमत नाही.

लियाँ येथीलच मार्क झानरो, झाँ देसेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली असेच प्रयोग पद्धतशीर केले. माणसांना ५, १० व १५ मीटर अंतरावरच्या खुणा दाखविल्या. मग डोळे बांधून ते अंतर एकदा प्रत्यक्ष आणि एकदा मनात चालायला सांगितले. दोन्ही वेळा जुळल्या. पुढे त्यांच्या पाठीवर २५ किलोचे ओझे दिले. प्रत्यक्ष चालताना त्यांनी जोर लावून पूर्वीच्याच वेळात अंतर कापले. मनात चालताना मात्र वेळ वाढली. ओझ्याचा ताण मनातल्या पायांनाही जाणवला आणि मेंदूने तो वेळेच्या रूपाने मोजला. १९९१ मध्ये त्यांनी दाखविले, की मनातल्या मनात धावणाऱ्या, पण प्रत्यक्षात स्थिर असलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके आणि श्वास वाढतात, आणि मनातला वेग जितका अधिक तितके ते अधिक वाढतात.

१९८७ साली अमेरिकेतील लॉरेन्स पार्सन्स यांनी लोकांना वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या हातांची चित्रे दाखवून हा हात उजवा की डावा, एवढेच विचारले. चित्रातला हात जितक्या अवघड स्थितीत, तितका उत्तराला उशीर. कारण उत्तर देणारा नकळत आपला हात मनात वळवून चित्रातल्या हातावर ठेवून पाहतो, आणि मनगट जेथे वळायला कुरकुरते तेथे मनातही कुरकुरते.

आपल्याकडे म्हण आहे, मनात मांडे आणि पदरात धोंडे. मनाच्या मांड्यांचे वैशिष्ट्य हे, की त्यांना तूप कधी कमी पडत नाही. भिकाऱ्याने मनात हत्ती बाळगला तरी चाऱ्याचा खर्च येत नाही. परंतु हालचालीच्या कल्पनेत खर्च येतो. वेळ द्यावा लागतो, ओझे लागते, हृदय धडधडते, मनगट कुरकुरते. दिवास्वप्न आणि ही कल्पना यांत हाच फरक आहे. एकात आपण शरीराला विसरतो. दुसरीत शरीराचे सारे नियम बरोबर घेऊन जातो.

हे शास्त्र प्रयोगशाळेत अलीकडे शिरले असले, तरी त्याचा उपयोग आपल्याकडील गुणी मंडळी पूर्वीपासून करीत आली आहेत. तबल्याच्या क्लासात विद्यार्थी हाताने ताल धरून बोल तोंडाने म्हणतो, त्याला पढंत म्हणतात. बोल म्हणताना बोटे तबल्यावर नसतात, पण मनात पडत असतात. अॅबॅकसच्या वर्गाला जाणारी आपल्या बदलापूर-अंबरनाथची मुले पाहा. पुढ्यात मण्यांची पाटी नसतानाही बोटे हवेत मणी सरकवितात आणि बेरीज सांगून मोकळी होतात. नेमबाज तर रोज बंदुकीत गोळी न घालता सराव करतात : पवित्रा, श्वास, नेम, चाप, सारे खरे, गोळी तेवढी मनातली. महाराष्ट्राने अंजली भागवत यांना २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आणि स्वप्नील कुसाळे यांना २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक घेताना पाहिले. या खेळात शरीर जवळजवळ हलतच नाही. सारा खेळ न हलण्याचा आणि आतल्या तयारीचा आहे. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले नाशिकचे भीष्मराज बाम यांनी योगशास्त्राच्या आधारे खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेण्याचे काम आयुष्यभर केले. अंजली भागवत आणि राहुल द्रविड यांच्यासारख्यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. २०१७ मध्ये बाम यांचे निधन झाले.

अशा मनातल्या सरावाने खरोखर काही कमावता येते काय? १९९२ साली अमेरिकेत ग्वांग युए व केली कोल यांनी करंगळीवर प्रयोग केला. चार आठवडे काही जणांनी करंगळी जोराने बाहेर ताणण्याचा व्यायाम केला, काहींनी तोच व्यायाम फक्त मनात केला, काहींनी काहीच केले नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, मनात करणाऱ्यांची २२ टक्क्यांनी, स्वस्थ बसणाऱ्यांची चार टक्क्यांहूनही कमी. मनात व्यायाम करून स्नायू फुगत नाही. वाढला तो स्नायूला हुकूम देण्याचा मेंदूचा अधिकार. १९९५ मध्ये अल्वारो पास्क्वाल-लिओने यांनी पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा एक धडा पाच दिवस रोज दोन तास दिला. ज्यांनी तो फक्त मनात वाजविला, त्यांच्या मेंदूतही बोटांच्या स्नायूंचा नकाशा प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांइतकाच विस्तारला. वाजविण्याच्या कसबात मात्र ते प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच पोहोचले. मग दोन तास खरा सराव मिळताच त्यांनी ते अंतरही भरून काढले.

येथे मर्यादाही सांगितली पाहिजे. मनातला हात बाहेरच्या हाताकडूनच शिकतो. मला पोहता येत नाही. उल्हास नदीत सूर मारणारी मुले मी पुष्कळदा पाहिली आहेत. डोळे मिटून मी पोहण्याची कल्पना केली, तर मला मी सिनेमात दिसावी तशी दूरून दिसते. पाण्याचा दाब छातीला लागत नाही. ही झाली पाहण्याची कल्पना. उलट पोहणारा मुलगा तीच कल्पना आतून करतो. त्याच्या खांद्याला ती कळते. हालचालीची यंत्रणा जागी होते ती मुख्यत्वे अशा आतून केलेल्या कल्पनेने. ज्याने कधी शिवले नाही त्याने मनात कितीही शिवले, तरी त्याचा शिंपी होणार नाही. अण्णांनी मात्र चोवीस वर्षे शिवले होते.

अर्धांगवायूच्या रोग्यांवर या उपायाची परीक्षा झाली आहे, आणि तिचे निकाल जसेच्या तसे सांगणे माझे कर्तव्य आहे. २००७ साली अमेरिकेत स्टीफन पेज यांनी ३२ जुन्या रोग्यांवर प्रयोग केला. नेहमीच्या व्यायामाबरोबर मनातला सराव करणाऱ्यांचे हात, व्यायामाबरोबर नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. २०११ साली ब्रिटनमध्ये १२१ रोग्यांवर असाच मोठा प्रयोग झाला. त्यात मनातल्या सरावाचा लाभ दिसला नाही. २०२० साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा, की इतर व्यायामाच्या जोडीला मनातला सराव असेल तर हाताच्या कामात बहुधा सुधारणा होते. "जोडीला" हा शब्द महत्त्वाचा. हा जादूचा मंत्र नव्हे. हात चालविण्याला तो पर्याय नाही; हात चालत नसेल त्या वेळी रस्ता बुजू नये म्हणून केलेली ती राखण आहे.

पण शरीर पूर्ण बंद झाले तरी ती राखण किती दूर जाऊ शकते, याची दोन उदाहरणे सांगितल्यावाचून राहवत नाही. २००६ साली केंब्रिजचे एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर शुद्ध हरपलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीचा मेंदू तपासला. ती कशालाही प्रतिसाद देत नसे. तपासणीयंत्रात तिला सांगितले, आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करा. निरोगी माणसांचे जे पूरक प्रेरक क्षेत्र अशा वेळी जागे होते, तेच तिचे जागे झाले. ती ऐकत होती! २०२१ साली अमेरिकेत मज्जारज्जूला इजा होऊन हात लुळे पडलेल्या एका गृहस्थांच्या प्रेरक पट्टीत, हाताच्या वाड्यात, सूक्ष्म यंत्रे बसवून त्यांना कागदावर अक्षरे लिहीत असल्याप्रमाणे मनोमन हात चालवायला सांगितले. हात हलला नाही. पण मेंदूतील हालचालींवरून संगणकाने अक्षरे ओळखली आणि मिनिटाला ९० अक्षरे पडद्यावर उमटली. हात निकामी होऊन वर्षे लोटली, तरी मनातला हात लिहिणे विसरला नव्हता.

हे सारे वाचून झाल्यावर मी घरी एक प्रयोग केला. अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि डाव्या हाताचा अंगठा चारी बोटांना पाच वेळा लावून यायला सांगितले, पण मनात. झाले की मान हलवायची. मी मोबाईलवर वेळ मोजली. अकरा सेकंद लागली. मग तेच उजव्या हाताने, मनातच. बराच वेळ मान हलेना. मला वाटले झोप लागली. सत्तावीस सेकंदांनी त्यांनी मान हलविली. "जड जातो गं," ते म्हणाले. आम्ही ते तीन दिवस पुन्हा पुन्हा केले. दर वेळी उजवा हात मनातही मागे राहिला.

नंतर मला कळले, की फ्रान्समध्ये अँजेला सिरिगू यांनी १९९५ साली प्रेरक पट्टीला इजा झालेल्या रोग्यात हेच पाहिले होते. दुबळा हात प्रत्यक्षात जितका मंद, तितकाच तो मनातही मंद. त्या रात्री माझा बाईंवरचा राग गेला. अण्णा मांडे खात असते तर त्यांचा उजवा हात मनात पूर्वीसारखाच सपासप चालला असता. मनाला कोण अडविणार होते? तो अडखळत होता, याचाच अर्थ अण्णा स्वप्न पाहत नव्हते, काम करीत होते. ज्या मेंदूला इजा झाली त्याच मेंदूला ते कामाला लावीत होते. मी त्यांना हे माझ्या परीने समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे हा पण सराव खरा?" मी म्हटले, "खरा, पण बाईंनी सांगितलेला व्यायाम सोडायचा नाही." ते म्हणाले, "कोण सोडतोय?"

आता ते न सांगता बसतात. हात बरा झाला असे मी लिहिणार नाही, कारण तो झालेला नाही. उजव्या हाताने ते आता कापड दाबून धरतात, पेला उचलतात, पण अर्धा भरलेला. सुई अजून धरता येत नाही. यातले किती व्यायामाने आले, किती मनातल्या शिलाईने आणि किती काळाने, हे एका माणसावरून कोणी सांगू नये, आणि मी तर नाहीच.

परवा मी कॉलेजातून घरी आले तेव्हा अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. आईने जेवायला वाढले होते. दहा मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. मी विचारले, "अण्णा, झाले का?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "थांब. बॉबिन संपली आहे."